खंड आणि अतिवृष्टी एकाच हंगामात: काळ्या रानात सोयाबीन कसं पेरावं

विदर्भ-मराठवाड्याच्या भारी जमिनीत सोयाबीनला आता एकाच हंगामात दोन्ही सोसावं लागतं: दोन-तीन आठवड्यांचा पावसाचा खंड आणि मग एका रात्रीत कोसळणारा पाऊस. काळी माती सुकली की भेगाळते, भिजली की फुगते. मग पाणी खाली मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या नत्र देणाऱ्या गाठी मरतात आणि पीक पिवळं पडतं. यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे सपाट पेरणी सोडून सरी काढणं.

त्यासाठी नवं अवजार घ्यायलाच हवं असं नाही. सात दात्यांच्या पेरणीयंत्राला ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा आणि मधल्या, म्हणजे चौथ्या दात्याची बियाण्याची आणि खताची अशा दोन्ही नळ्या बंद करा. परत येताना शेजारच्या ओळीपासून ९० सेंटीमीटर सोडा. तीन ओळी, एक रिकामी, असा पट्टा पडतो. एकरी ३० किलोऐवजी साडेबावीस किलो बी पुरतं. पेर उताराला आडवीच घ्या. उताराच्या दिशेने तास गेले तर सरीचा ओहोळ होतो आणि वरची कसदार माती वाहून जाते.

पेरणीनंतर १८ ते २० दिवसांनी, वाफसा येताच, डवऱ्याच्या (ओळींमधली माती हलवणाऱ्या कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्यांना, गच्च दोरी गुंडाळून रिकाम्या ओळीत सरी ओढा. चिखलात ओढली तर ढेकळं निघतात. फार उशीर केला तर बाजूची मुळं तुटतात. सरीची टोकं मातीने बुजवून ठेवा म्हणजे कमी पावसाचं पाणी जागीच मुरेल. मोठा पाऊस होऊन दुसऱ्या दिवशीही पाणी उभं दिसलं तर खालचं टोक फोडून बांधाच्या चरात काढून द्या. हे टोक फोडायला माणूस वेळेवर पोचला नाही, तर बाकीची मेहनत फुकट जाते.

पेरणीची घाई मात्र नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पेरा, बी ३ ते ४ सेंटीमीटरवर. घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा दिवसांनी मोजा. ७० उगवले तर वरचं साडेबावीस किलोचं प्रमाण चालेल. बुरशीनाशक आधी चोळा, रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी २५ ग्रॅम प्रतिकिलो शेवटी, आणि सावलीत सुकवा. जोरात चोळू नका, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं.

खंड पडला की हलकी डवरणी करा; भेगा बुजतात आणि उडून जाणारी ओल थांबते. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना ताण पडला तर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा, पण सकाळी किंवा संध्याकाळीच.

जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर सरीही पुरी पडत नाही. उष्णता वाढली की कर्ब लवकर जळतो, म्हणून कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पेटवू नका. गुरांनी खाऊन उरलेलं शेणात कुजवून एकरी दोन टन खत उन्हाळ्यात मिसळा. खत टाकण्याआधी मातीचा नमुना घ्या: शेतातल्या आठ-दहा ठिकाणी १५ सेंटीमीटर खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा, झाडाखाली किंवा बांधाजवळ नाही, सगळं मिसळून अर्धा किलो. अहवालात कर्ब ०.४० टक्क्यांखाली आला, तर शेणखताचा हा हप्ता एकाही वर्षी चुकवू नका.