ओमानचं तेलावरचं अवलंबित्व खरंच घटतंय का, हे कसं तपासाल

जीडीपीतल्या बिगरतेल वाट्यापासून सुरुवात करू नका. तेलाचा भाव पडला की तो वाटा आपोआप फुगतो, नवा कारखाना एकही उभा राहिलेला नसतो. आधी निर्यातीची यादी घ्या. पुनर्निर्यात, म्हणजे बाहेरून आणून पुन्हा बाहेर पाठवलेला माल, वजा करा, मग मिथेनॉल, युरिया, पॉलिप्रोपिलीन बाजूला काढा. कागदोपत्री हा माल बिगरतेल, पण त्याचा कच्चा माल तेल-वायूतूनच येतो. उरलेला आकडा कामाचा.

मग सरकारी हिशेब. महसुलातून तेल-वायूचं उत्पन्न वगळून तूट काढा आणि तिला बिगरतेल जीडीपीने भागा. एका वर्षावरून निष्कर्ष नको. किमान पाच वर्षं बघा. व्हॅट २०२१ पासून ५ टक्के आहे. ४२,००० ओमानी रियालच्या वरच्या वार्षिक वैयक्तिक उत्पन्नावर ५ टक्के कर मात्र २०२८ पासून, त्यामुळे तो आत्ताच जमेस धरू नका.

प्रादेशिक विकासाचं गणित वेगळं. अल वुस्ता प्रांतातल्या दुक्मच्या रिफायनरीची क्षमता रोज २,३०,००० बॅरल. राजधानीपासून दूर मोठी गुंतवणूक आली हे खरं, पण तीही तेलातच. तिथे सामंजस्य करार मोजत बसू नका. उद्योगांचा वीजवापर आणि बंदरातून जाणारा स्थानिक माल बघा. मजुरांच्या छावण्यांमुळे लोकसंख्या फसवी दिसते, म्हणून शाळांचा पटही तपासा.