तवा, काळी पिशवी आणि रात्रीचं आभाळ: हरितगृह वायू लेकरांना शिकवायचे कसे

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की कुणीतरी दोन बाटल्या घेऊन येतंच. एकीत नुसती हवा, दुसरीत खायचा सोडा नि व्हिनेगर यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, वरून दिवा, आत थर्मामीटर. सोड्याची बाटली जास्त तापते, परीक्षक खूश. मी परभणीकडच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला विज्ञान शिकवते आणि माझं सांगणं आहे, हा प्रयोग करू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो तळाशी बसून राहतो, त्यामुळे आतली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. त्याच बाटलीत आरगॉन भरा, तीही तशीच तापेल, आणि आरगॉन तर हरितगृह वायूच नाही, म्हणजे जमिनीची बाहेर निघालेली उष्णता अडवणारा वायू नाही. उत्तर बरोबर, कारण चूक. आणि चुकीचं कारण एकदा डोक्यात बसलं की काढता काढता जीव जातो.

त्यापेक्षा वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून, हात न लावता तापमान सांगणारी टेम्परेचर गन मिळवा. कोरोनात कपाळासमोर धरायचो ती नाही, ती आभाळाकडे धरली की नुसतं ‘लो’ दाखवते. एसी दुरुस्त करणारे वापरतात ती हवी, जिच्या खोक्यावर उणे ५० पासून आकडे लिहिलेले असतात. लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, तो कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका.

आता लोखंडी तवा चांगला तापवा आणि खाली उतरवा. जर्मनचं पातेलं घेऊ नका, चकचकीत धातूवर गन खोटा आकडा सांगते. वीतभर अंतरावरून तव्याचा आकडा घ्या. मग गनपुढे फोटोफ्रेमची काच धरा. तवा स्वच्छ दिसतोय, पण आकडा धाडकन खाली येतो, कारण गनला आता फक्त काचच कळते. काच बाजूला ठेवा आणि कचऱ्याची काळी, पातळ पिशवी एकपदरी ताणून धरा, गनजवळ, तव्यापासून लांब, नाहीतर वितळेल. तवा दिसेनासा होतो आणि आकडा मात्र पुन्हा चढतो. पहिल्याच आकड्याइतका नाही, पण काचेपेक्षा कितीतरी जास्त. इथं वर्गात हमखास आवाज येतो, “मॅडम, हे बिघडलंय!” लगेच समजावू नका. प्रत्येकाला एकेकदा धरू द्या. मग सांगा: काच उजेड सोडते पण उष्णतेचे किरण अडवते, पिशवीचं बरोबर उलटं. हरितगृह वायू या बाबतीत काचेसारखे.

गंमत अशी की १८५९ मध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांच्यापुढे हीच अडचण होती. वायू किती उष्णता अडवतात ते त्यांना पितळी नळीत मोजायचं होतं आणि नळीची तोंडं काचेनं बंद केली तर काचच उष्णता अडवणार. त्यांनी सैंधवाच्या चकत्या बसवल्या. निघालं असं की नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ काहीच अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड अडवतात. “हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, एवढ्याशा वायूनं काय होतंय?” असं कुणी म्हटलं की मी हेच सांगते. उरलेल्या ९९ टक्के हवेचा या कामात हातच नाही.

दुसरा भाग रात्रीचा. डिसेंबरात, आभाळ निरभ्र असताना, घर-झाडं सोडून मोकळ्या रानात जा आणि गन सरळ वर आभाळाकडे धरा. आकडा शून्याच्या बराच खाली जातो. ढग आला की त्याच जागी चढतो. म्हणजे वरूनही उष्णता खाली येते, आणि ती मोजता येते. शेतकऱ्याच्या लेकरांना यातलं निम्मं ठाऊकच असतं: आभाळ आलं की थंडी पळते, आणि निरभ्र रात्रीनंतर सकाळी हरभऱ्यातून चाललं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होतो. पानानं आपली उष्णता आभाळाला देऊन टाकली, ते हवेपेक्षा गार पडलं, म्हणून दव.

एक गोष्ट लपवू नका. ही गन साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातलेच उष्णतेचे किरण बघते, कार्बन डायऑक्साइड मुख्यतः १५ च्या आसपास अडवतो. म्हणजे रानात आपण मोजतो ते वाफेचं आणि ढगाचं काम. पण वाफ आठ-दहा दिवसांत पावसानं खाली येते. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो, आणि त्यानं हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. लगाम त्याच्या हातात आहे.

मग तापमान चढून थांबतं कुठं? फळ्यावर हौद काढा. वरून नळ सारखा चालू, तळाशी भोक. भोक थोडं बुजवलं की पाणी चढतं, चढलं की दाब वाढतो, आणि आवक-जावक पुन्हा सारखी होईपर्यंत चढतच राहतं. पृथ्वीचंही तेच: नळ म्हणजे सूर्याची उष्णता, भोक म्हणजे बाहेर जाणारी उष्णता, पाण्याची पातळी म्हणजे तापमान. हे वायू नसते तर सरासरी तापमान उणे १८ अंश असतं. आज ते १५ च्या आसपास आहे. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. भोक आपण बुजवतोय.

दोन प्रश्न नक्की येतात. सूर्यच जास्त तापला असेल तर? तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात स्ट्रॅटोस्फिअर गार होत चाललंय. आणि दुष्काळ? इथं जरा सांभाळून बोला. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, १९७२ आजी-आजोबांनी भोगलेला आहे. प्रत्येक कोरड्या वर्षाचं बिल या वायूंच्या नावावर फाडू नका. युरियाचं मात्र जरूर सांगा. जास्तीच्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. हे ऐकल्यावर एक-दोन लेकरं घरी जाऊन बापाशी वाद घालतात. घालू द्या.