विषारी रसायनांच्या राष्ट्रीय आराखड्यावर हरकती-सूचना कशा पाठवायच्या

सगळ्यात आधी एक सांगते, एकच मजकूर छापून शंभर सह्या गोळा करायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. असली पत्रं एकत्र बांधून 'नोंद घेतली' एवढा शेरा मारला की विषय संपतो. मसुद्यातल्या ठरावीक पानावर बोट ठेवणारी एकच सूचना पाठवा, तिला उत्तर देणं टाळणं अवघड जातं.

मसुदा, परिशिष्टं, शेवटची तारीख, पाठवायचा पत्ता हे काढून ठेवालच.

मग मसुद्यातली रसायनांची यादी तपासा. हा आराखडा ज्यासाठी बनतो तो स्टॉकहोम करार, म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार, 2001 चा, लागू झाला 2004 मध्ये, तेव्हा 12 रसायनं होती, नंतर एंडोसल्फान (कीटकनाशक), पीएफओए (कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन) वगैरे वाढत गेली. तुमच्या देशाने स्वीकारलेलं एखादं मसुद्यात नसेल तर पहिली सूचना तीच.

आता खरी डोकेदुखी, डायॉक्सिन-फ्युरान या अतिविषारी रसायनांचा तक्ता. मला हाच भाग सगळ्यात जड गेला आणि बहुतेक लोक इथेच मसुदा मिटून ठेवतात. हे कोणी मुद्दाम बनवत नाही, जाळण्यातून आणि काही कारखान्यांतून आपोआप तयार होतं, म्हणून आकडा बहुतेक मोजलेला नसतो, हिशोबाने काढलेला असतो: वर्षाला किती टन जाळलं गुणिले टनामागे किती बाहेर पडतं. दुसऱ्या आकड्यावर वाद घालू नका, तो आंतरराष्ट्रीय टूलकिटमधून, म्हणजे असा हिशोब करण्यासाठीच्या ठरलेल्या पुस्तिकेतून घेतलेला असतो, तिथे तज्ज्ञ तुम्हाला गप्प करतील. पहिला आकडा पकडा. 'उघड्यावर जाळलेला कचरा' या ओळीत टन कुठून आले, कोणत्या वर्षाचे, कचरा डेपोला लागणाऱ्या आगी आणि तांब्यासाठी जाळलेल्या वायरी धरल्यात का, हे विचारा आणि तारखेसकट फोटो जोडा.

एकूण बेरीज ग्रॅममध्ये दिसली म्हणून हसू नका, हे टीईक्यू ग्रॅम आहेत, म्हणजे सगळ्यात विषारी डायॉक्सिनच्या तोडीचं वजन, इथे थोडे ग्रॅमही भारी पडतात. आणि नुसता हवेचा रकाना बघून तर अजिबात खूश होऊ नका! कचरा जाळायच्या भट्टीला चांगला फिल्टर बसवला की हवेतला आकडा उतरतो पण विष राखेत जमतं, ते 'अवशेष' रकान्यात सापडेल, ती राख कुठे टाकणार हे मसुद्यात नसेल तर ठणकावून विचारा.

पीसीबी (तेलात वापरलं जाणारं विषारी रसायन) असलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची मुदत करारात ठरलेली आहे, वापर 2025 पर्यंत बंद, कचऱ्याची विल्हेवाट 2028 पर्यंत. मसुद्यात तारखेपुढे पैसे आणि जबाबदार खातं लिहिलंय का बघा.

सूचना अशी लिहा: पान, तक्ता, काय चुकलंय, त्याजागी कोणतं वाक्य हवं, पुरावा. एका मुद्द्याला एक परिच्छेद. महिला गट किंवा मुलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या गटांना विचारलंच नसेल तर कराराचं कलम 7 दाखवा, त्यात त्यांचा उल्लेख स्पष्ट आहे.

पाठवल्यावर पोच घ्या आणि कोणती सूचना का नाकारली याचा तक्ता लेखी मागा.