औषधांची अप्रत्यक्ष तुलना: आधी कागदावर, मग आर प्रणालीत

दोन औषधांची समोरासमोर चाचणी झालेलीच नाही, तरीही त्यांपैकी कोणते अधिक परिणामकारक हे सांगावे लागते, हा आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनातला, म्हणजे औषधे व उपचार किती उपयोगी हे तपासण्याच्या कामातला, नेहमीचा पेच आहे. अ आणि ब या दोन्ही औषधांची तुलना वेगवेगळ्या चाचण्यांत क या एकाच उपचाराशी झालेली असेल, तर क ला दुवा धरून मार्ग काढता येतो. मात्र उपचाराचा परिणाम ज्या गोष्टींमुळे कमीजास्त होतो, उदाहरणार्थ वय किंवा आजाराची तीव्रता, त्या दोन्ही चाचण्यांत सारख्या आहेत का, हे आधी तपासा. सॉफ्टवेअर हे विचारत नाही. दिलेल्या आकड्यांवरून ते उत्तर काढून मोकळे होते.

पहिला हिशेब हाताने करावा, असा माझा आग्रह आहे. बुचर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी पुरेशी आहे. हॅझर्ड रेशो म्हणजे मृत्यूसारखी वाईट घटना घडण्याच्या वेगाचे दोन उपचारांतील गुणोत्तर; ते १ पेक्षा कमी असेल, तर पहिला उपचार सरस. विश्वास अंतराल म्हणजे त्या अंदाजाभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा. समजा, अ विरुद्ध क चा हॅझर्ड रेशो ०.७० (९५ टक्के विश्वास अंतराल ०.५५ ते ०.८९) आहे आणि ब विरुद्ध क चा ०.८० (०.६४ ते १.००). दोन्हींचे नैसर्गिक लॉग घेऊन पहिल्यातून दुसरा वजा करा: −०.३५७ वजा −०.२२३, म्हणजे −०.१३४. अंतरालाच्या दोन टोकांच्या लॉगमधील फरकाला ३.९२ ने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, मिळते. येथे ती अनुक्रमे ०.१२३ आणि ०.११४ येते. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ०.१६७. लॉगमधून परत आल्यावर अ विरुद्ध ब चा हॅझर्ड रेशो ०.८८ येतो आणि अंतराल ०.६३ ते १.२१. वजाबाकी केली तरी अनिश्चितता वाढतेच, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते.

आता हेच आकडे आर या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीतील नेटमेटा या अशा तुलनांसाठीच्या पॅकेजला द्या. त्याला लॉग हॅझर्ड रेशो आणि त्याची प्रमाण त्रुटी लागते. लॉग न घेता थेट ०.७० भरणे ही सर्रास होणारी चूक आहे. पहिला उपचार कोणता आणि दुसरा कोणता हा क्रम उलटला, तर चिन्ह बदलते आणि सरस औषध निकृष्ट ठरते. हाताने काढलेले उत्तर जुळले, तरच अनेक औषधे आणि चाचण्या जोडणाऱ्या मोठ्या जाळ्याकडे वळा. बेझियन पद्धत (आधीची माहिती आणि नवे आकडे एकत्र करून शक्यता मांडणारी) हवी असेल, तर जेमटीसी किंवा स्टॅन या संगणकीय साधनावर चालणारे मल्टीएनएमए ही पॅकेजे वापरता येतात.

चाचण्यांतील रुग्ण सारखे नसतील आणि एका चाचणीची रुग्णनिहाय माहिती हाती असेल, तर मेइक (रुग्णांची जुळवणी करून केलेली अप्रत्यक्ष तुलना) ही पद्धत उपयोगी पडते. तीत आपल्या प्रत्येक रुग्णाला असे वजन देतात, की सरासरी वय वगैरे बाबी दुसऱ्या चाचणीच्या प्रसिद्ध सरासरीशी जुळाव्यात. त्यानंतर प्रभावी नमुनासंख्या, म्हणजे वजने दिल्यावर किती रुग्णांइतकी माहिती उरते, ती अवश्य काढा: वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज. ३०० रुग्णांतून ती ४० वर आली, तर निष्कर्ष मोजक्या रुग्णांवर उभा आहे, हे अहवालात लपवू नये. सामाईक दुवाच नसेल, तर आजाराचा मार्ग ठरवणारे सर्व घटकही जुळवावे लागतात, आणि ही अट क्वचितच पूर्ण होते. म्हणून अशा तुलनेत वजनांचा आलेख, वगळलेल्या घटकांची यादी आणि आज्ञावली जोडल्याशिवाय अहवाल पाठवू नका.