पात्राचं नाव ठेवताना आधी आत्या शोधा

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ऑफिसात मी ३१ वर्षं काढली. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, माझ्या ताब्यात असायचं. दाखला मागायला कुणी आलं की कपाटातून तो जाडजूड ग्रंथ काढायचा, बोटानं ओळ शोधायची आणि उतरवून द्यायची. नोकरीबरोबर मी गोष्टीही लिहायचे, अजून लिहिते. पात्रांना नावं कशी ठेवायची हे मी त्या रजिस्टरातच शिकले.

तिथं शिकलेली पहिली गोष्ट ही की नाव पात्राचं नसतं, ते ठेवणाऱ्याचं असतं. माणूस कसा निघाला हे नाव सांगत नाही. त्याच्या जन्माच्या वेळी घरात काय चाललं होतं, ते सांगतं. म्हणून ‘माझी नायिका तडफदार आहे, तर तिला तेजस्विनी म्हणू’ असं करू नका. बाराव्या दिवशी पाळण्याशी कोण वाकलं, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाल्यावर कानात कुठलं नाव सांगितलं आणि ते कुणाच्या डोक्यातून आलं, ते ठरवा. आमच्याकडं हा मान आत्याचा. त्या आत्याचं वय, तिचं शिक्षण, तिचं माहेराशी बरं आहे की नाही, एवढं ठरलं की नाव आपोआप जवळ येतं.

पात्राच्या वयावरून जन्मसाल काढा आणि ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या रजिस्टरात १९४५च्या आसपास जन्मलेले पांडुरंग, ज्ञानू, यशवंत, हौसाबाई, आक्काताई भेटतात. साठच्या दशकातले सुरेश, अशोक, दिलीप, मंगल, शोभा, सुनंदा. त्यानंतर संजय, राजेंद्र, संगीता, सुनीता यांची रांग लागते, एका वर्गात चार-चार संगीता. मग सचिन, अमोल, स्वाती, अश्विनी. नव्वदीत जन्मलेले अक्षय, शुभम, ओंकार, ऋतुजा. आता पहिलीच्या हजेरीपटात शौर्य, विहान, स्वरा, आरोही दिसतात. आज सत्तरीत असलेल्या आजीला तुम्ही ‘सायली’ म्हटलंत, की वाचक पहिल्याच पानावर अडखळतो. शहराकडच्या नावांना आमच्या गावात पोचायला दहा-पंधरा वर्षं लागायची. एकाच सालात पुण्यात जन्मलेली ‘मुग्धा’ आणि आमच्याकडं जन्मलेली ‘बाळाबाई’ दोन्ही खऱ्या असू शकतात.

जन्मतारखेच्या रकान्यात जुन्या पानांवर १ जून, १ जून, १ जून असं खाली खाली जातं. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशोबानं घालून टाकायचे. नावाचंही तसंच व्हायचं. घरी ‘दगडू’, आणि गुरुजींनी नाव घालताना केलं ‘दत्तात्रय’. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावं वाईट वाटली म्हणून लेखक टाळतात, पण ती फार मायेनं ठेवलेली असतात. आधीची दोन-तीन मुलं दगावलेली असायची आणि आता हे तरी राहावं, कुणाची नजर लागू नये, म्हणून दगडाचं, केराचं नाव द्यायचं. तुमच्या म्हाताऱ्या पात्राचं नाव धोंडिराम असेल, तर त्याच्या आधीची भावंडं कुठं गेली हा प्रश्न स्वतःला विचारा. कधी कधी सगळी गोष्ट त्याच उत्तरात असते.

दोन नावांचा हा भाग नीट समजून घ्या, कारण संवाद त्यावर चालतात. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे. पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. मग ती आपल्याच लेकराला हाक कशी मारणार? म्हणून घरात तो बाळू, बापू, बंडू, नाहीतर नुसता ‘पोरगा’. कागदावर महादेव असलेल्या माणसाला त्याची आई जन्मभर बापूच म्हणते. तिच्या तोंडी ‘महादेव, जेवायला ये’ असं वाक्य घातलंत तर ते घर मोडलं म्हणून समजा. मित्र संज्या, दत्त्या, पम्या म्हणतील, धाकटे दादा म्हणतील, गाव तात्या किंवा आबा म्हणेल आणि लग्नपत्रिकेवर ‘भाऊसो’, ‘अण्णासो’ छापून येईल. एका पात्राला मी निदान तीन हाका लिहून ठेवते, आणि कोण कुठली हाक मारतं तेही शेजारी.

बायकांच्या बाबतीत अजून एक वळण असतं. लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. कुसुमची स्मिता होते, आणि माहेरचं जग एका ताटात संपतं. १९७० सालची नवरी लिहित असाल तर हे घडलं का, ते नाव तिला आवडलं का, माहेरी गेल्यावर तिला कुठल्या नावानं हाक मारतात, हे तुम्हाला माहीत हवं. मधलं नावही आधी बापाचं आणि मग नवऱ्याचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्य सरकारच्या कागदोपत्री, आईचं नाव बापाच्या आधी येतं. शाळेत जाणारं आजचं पात्र आणि त्याचं पाळण्यातलं भावंड यांची पूर्ण नावं आता वेगळ्या घडणीची असतील.

आता आडनाव. इथं सगळ्यात जास्त चुका होतात. ‘पाटील’ लिहिलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण पाटील मराठा असतो, लेवा असतो, आगरी असतो, जैन असतो, लिंगायतही असतो. जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत. आडनावाला गाव आणि पाळण्यातलं नाव जोडल्याशिवाय ते काही बोलत नाही. पायगोंडा, बाबगोंडा, देवगोंडा म्हटलं की आमच्या दक्षिणेकडचा जैन पाटील उभा राहतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वडिलांचं नाव पायगोंडाच होतं. सोलापुरात सिद्धेश्वर आणि सिद्राम, धनगरवाड्यात बिरू आणि बिरदेव, जोतिबाच्या डोंगराच्या आसपास जोतीराम आणि केदार, कर्नाटकाच्या शिवेवर यल्लाप्पा आणि यल्लव्वा. कुलदैवत ठरवा, अर्धं काम होतं. जळगावकडं भोळे, कोल्हे, महाजन. नंदुरबारला वळवी, पाडवी, वसावे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंडांत आत्राम, मडावी. तेलंगणाच्या कडेला ‘वार’ लागलेली मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी आडनावं. वसईच्या ख्रिस्ती घरात दिब्रिटो किंवा लोपीस असतील आणि घरातली बोली मराठीच असेल. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू स्वतःला किहीमकर, पेणकर, रोहेकर म्हणवतात, गावाला ‘कर’ लावून, अगदी इतर कोकण्यांसारखं.

माझी स्वतःची एक चूक सांगते. मिरजेजवळच्या आठवडी बाजारातल्या बांगड्या भरणाऱ्या बाईवर मी गोष्ट लिहिली आणि तिचं नाव ठेवलं मेहरुन्निसा खान. ती छापून आलेला अंक ऑफिसात टेबलावर पडलेला. एका विद्यार्थ्याची आई दाखल्यासाठी आली होती, तिनं थांबायच्या वेळात ती गोष्ट वाचली. म्हणाली, “बाई, गोष्ट बरी हाय. पर ही बाई आमच्यातली न्हाई. माझ्या आज्जीचं नाव मालनबी हुतं, आणि बांगडीवाल्याला आमी मणेर म्हणतो.” मी काहीच बोलू शकले नाही. तिची आजी माझ्याच तालुक्यातली, माझ्याच भाषेत बोलणारी, आणि मी तिचं नाव कुठल्यातरी सिनेमातून उचललं होतं. त्या रात्री रजिस्टरातली सगळी मुस्लिम नावं मी पुन्हा वाचली. हिराबी, गुलाबबी, दस्तगीर, बाबालाल. आडनावं मुलाणी, शिकलगार, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मुजावर. प्रत्येक आडनावात एक कसब, एक धंदा. कोकणात गेलात तर परकार, मुकादम, दलवाई. हे सगळं समोर असताना प्रत्येक मुसलमान पात्राला ‘खान’ म्हणणं हा आपल्या शेजाऱ्यावर अन्याय आहे.

दलित पात्रांच्या बाबतीतही असाच आळस दिसतो, तो फार टोचतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं, आणि त्यानंतरची नावं वाचताना एक समाज मान वर करून उभा राहिलेला दिसतो. सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, संघमित्रा. बापाचं नाव ‘कचरू’ आणि लेकाचं ‘तथागत’, एवढ्या एका ओळीत केवढा प्रवास आहे! याच्या फार आधीची गोष्ट लिहायची असेल, तर कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावरची नावं वाचा. १८१८च्या लढाईत पडलेल्या शिपायांची ती नावं, त्यातली कितीतरी, महार शिपायांची, ‘नाक’ने संपतात.

मराठी सोडून दुसऱ्या भाषेतलं पात्र असेल तर आधी त्यांची नावाची घडण शिका, नाव नंतर. तमिळ माणसाला पुष्कळदा आडनावच नसतं, वडिलांचं नाव आद्याक्षर होऊन नावाच्या आधी लागतं. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं स्वतःचं नाव रामानुजन, श्रीनिवास हे वडील. बंगाली घरात एक डाकनाम आणि एक भालोनाम, घरचं आणि बाहेरचं. शिखांत गुरप्रीत, मनजीत मुलगा असो की मुलगी, फरक सिंग आणि कौरनं कळतो; आणि नावाचं पहिलं अक्षर गुरू ग्रंथ साहिब उघडून येतं.

नावं गोळा कुठून करायची? देवळातल्या देणगीदारांच्या फरशा, वर्तमानपत्रातले दशक्रिया विधीचे चौकोन, जुन्या लग्नपत्रिका, मतदार यादी. यादीत वय आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी असतं, त्यामुळं दोन पिढ्या एकदम दिसतात. पण जिवंत माणसाचं पूर्ण नाव उचलू नका. एका पानावरचं नाव घ्या, दुसऱ्या पानावरचं आडनाव, आणि ती जोडी त्या गावात शोभते का हे तिथल्या एखाद्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. तो क्षणभर थांबला, तर नाव बदला.

पहिलं वाक्य लिहायच्या आधी मी प्रत्येक पात्राची रजिस्टरातली ओळ भरते. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मगाव, जन्मतारीख अक्षरी, आधीची शाळा. सध्या जिची ओळ भरतेय ती सातारा जिल्ह्यातली आहे. चौथी मुलगी, म्हणून आजीनं नाव ठेवलं नकुसा, म्हणजे नकोशी. २०११ साली तिथं अशा अडीचशेवर मुलींची नावं समारंभानं बदलली होती, त्यातलीच ही एक. तिनं स्वतः नवं नाव निवडलंय, ऐश्वर्या. रजिस्टरात जुन्या नावावर तांबड्या शाईची रेघ आहे. घरी मात्र आजी उंबऱ्यातून अजून “नकूऽऽ” अशीच हाक मारते. ती ओ देते की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.