केटोच्या गटात ‘मला काही फरक नाही पडला’ म्हणणाऱ्याशी वागताना या चुका टाळा

नागपुरात अंबाझरीला किंवा फुटाळ्याच्या तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत केटो (कर्ब, म्हणजे पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं, जवळपास बंद करून तूप-तेलावर, म्हणजे फॅटवर, भर देणारा आहार) करणारे चार जण एकत्र आले की गट होतो, आणि महिना उलटायच्या आत त्या गटाचे दोन तट पडतात. ज्याचे पाच किलो उतरले तो प्रवचनकार होतो. ज्याचा काटा जागचा हलला नाही तो आधी शंका विचारतो, मग टोमणे मारतो, मग यायचंच बंद करतो. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. पण एकाच्या डिसेंबरची दुसऱ्याच्या मे महिन्याशी, एकाच्या 98 किलोंची दुसऱ्याच्या 64 किलोंशी तुलना करायची आणि मग ‘केटो चालतं की नाही’ यावरून हमरीतुमरीवर यायचं, हा उद्योग बघून आता वीट आला आहे.

‘चोरून खाऊन राहिले असाल’

वजन उतरत नाही म्हणणाऱ्याला दिलं जाणारं हे पहिलं उत्तर, आणि सगळ्यात वाईटही हेच. समोरचा खोटं बोलतो असं गृहीत धरलं की पुढचं सगळं बंद पडतं. तो खरी यादी सांगत नाही आणि चूक सापडत नाही.

एका गटातला प्रसंग सांगण्यासारखा आहे. पंचेचाळिशीची बाई, उंची पाच फूट एक इंच, वजन 68 किलो, दिवसभर खुर्चीत बसून काम. सहा आठवडे काटा तिथल्या तिथे. ‘ताई, कुठंतरी पोळी खाऊन राहिल्या तुम्ही,’ असं एकाने सुनावलं. दुसऱ्याने ‘तूप वाढवा, फॅट कमी पडून राहिलं’ असा सल्ला दिला. तिने बिचारीने वाढवलं आणि दोन आठवड्यांत अर्धा किलो चढला. मग एका शहाण्या माणसाने तिच्या हाती ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा दिला आणि तीन दिवस प्रत्येक गोष्ट तोलून लिहायला सांगितली.

यादी अशी निघाली: सकाळी दोन मोठे चमचे, म्हणजे 30 ग्रॅम तूप घातलेली कॉफी, 270 कॅलरी. दुपारी 150 ग्रॅम पनीर, साधारण 430, आणि त्याच्या फोडणीत 28 ग्रॅम तेल, 250. चार वाजता काजू-बदाम मिळून 50 ग्रॅम, 290. संध्याकाळी पुन्हा तूपकॉफी, 270. रात्री दोन अंड्यांचं चीज घातलेलं ऑम्लेट, 250. बेरीज 1,760. त्या उंची-वजनाच्या, बसून काम करणाऱ्या बाईला वजन आहे तिथेच ठेवायला 1,700 च्या आसपास कॅलरी लागतात. कर्ब मात्र दिवसाला 25 ग्रॅमच्या आत होते. म्हणजे ती एक घासही चोरून खात नव्हती, केटोसिसमध्येही (साखरेऐवजी चरबी जाळून कीटोन बनवण्याच्या अवस्थेत) होती, फक्त शरीर ताटातलं तूप जाळत होतं. पोटावरच्या चरबीपर्यंत त्याचा हात पोचतच नव्हता. दोन्ही तूपकॉफ्या बंद केल्या तेव्हा काटा हलला. म्हणजे चूक होती ती गटाने दिलेल्या सल्ल्यात, आणि चोर ठरली होती ती बाई.

म्हणून कुणी ‘फरक नाही’ म्हणालं की मत देण्याआधी पाच गोष्टी मागायच्या. तीन दिवसांचं तोललेलं खाणं, त्यात चहा आणि फोडणीचं तेल धरून. उंची आणि वजन. बेंबीच्या रेषेत सकाळी अनशापोटी घेतलेलं पोटाचं माप. चालू असलेली औषधं, विशेषतः स्टिरॉइड, थायरॉइड आणि मधुमेहाची. आणि सुरू केलं ती तारीख. बायकांनी पाळीच्या चक्रातला तोच दिवस धरून वजनाची तुलना करावी; पाळीआधी पाणी साठून एक-दोन किलो सहज वाढलेले दिसतात. ‘अंदाजे वाटीभर’ असं लिहून आणणाऱ्याला सरळ परत पाठवावं. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, आणि तोलायचा कंटाळा असलेल्या माणसाला उत्तराचीही फार घाई असते, हा ठरलेला अनुभव आहे.

इतकं करूनही दोघांत फरक राहतोच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने 609 जणांवर केलेला 12 महिन्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला कमी फॅट, दुसऱ्याला कमी कर्ब. सरासरी घट 5.3 आणि 6 किलो, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. पण दोन्ही गटांत कुणाचे सुमारे 30 किलो उतरले होते, तर कुणाचे सुमारे 10 किलो वाढले होते. तो आहार कमी कर्बचा होता, काटेकोर केटो नव्हता, हे खरं. तरी एकाच सूचना मिळालेल्या माणसांत इतकं अंतर पडत असेल, तर आपल्या गटातल्या दोघांत पडलं म्हणून कुणाला खोटारडं ठरवायचं कारण नाही.

फायबर दोनदा वजा करणं

‘मी दिवसाला 20 ग्रॅम कर्बवर आहे’ म्हणणाऱ्या दोघांचे 20 ग्रॅम सारखे असतीलच असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत कर्बोदकांच्या आकड्यातून फायबर (न पचणारा चोथा, म्हणून केटोवाले तो कर्बमधून वजा करतात) आधीच वगळलेलं आहे; गव्हाच्या पिठात 100 ग्रॅममागे सुमारे 64 ग्रॅम कर्ब आणि 11 ग्रॅम फायबर असं वेगवेगळं दिलं आहे. अमेरिकी तक्त्यांत फायबर कर्बच्या आतच धरतात, म्हणून तोच आकडा 72 च्या घरात जातो. आपल्या तक्त्यातल्या 64 मधून पुन्हा 11 वजा करणारा माणूस रोज स्वतःला फसवतो. पाकिटबंद मालावरही आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी पाहावं. गटाने एकच तक्ता ठरवावा, बाकीचे गुंडाळून ठेवावेत.

घरचं खाणंही असंच डोळ्याआड होतं. पाटोडी रस्सा बेसनाचा आहे, ‘भाजी’ म्हणून सोडून देता येत नाही. कढीत बेसन असतं. सावजी रश्शात कांदा आणि खोबरं भरपूर, कुठेकुठे दाटपणाला पीठही. मटणाचे तुकडे घ्या, रस्सा भुरकू नका. जवसाची चटणी मात्र बिनधास्त खावी. जवसातले बहुतेक कर्ब हे फायबरच असतं, आणि बद्धकोष्ठाच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

रिपोर्ट घेऊन आलेल्याला गप्प बसवणं

ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते. तीन महिन्यांनी एकाचा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 118 वरून 196 वर गेला. त्याने कागद दाखवला की गटातले जुनेजाणते लगेच सरसावतात: ‘एलडीएलनं काही होत नाही’, ‘ट्रायग्लिसराइड उतरलं ना, मग झालं’, ‘डॉक्टरांना केटो कळत नाही’. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरणं आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वाढणं ही केटोवर नेहमी दिसणारी चांगली गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण त्याने एलडीएलचा आकडा पुसला जात नाही. काही लोकांचा, त्यातही सडपातळ आणि भरपूर व्यायाम करणाऱ्यांचा, एलडीएल केटोवर झपाट्याने चढतो. दहा जणांना असं झालं नाही म्हणून अकराव्याच्या कागदावरचा आकडा खोटा ठरत नाही.

अशा वेळी काय करायचं? 190 किंवा त्याच्या वर असेल तर गटात चर्चाच करू नये, डॉक्टरांकडे जावं. खाली असला पण चढता असेल तर आधी पाहावं की वजन अजून उतरतंय का, कारण वजन उतरत असताना कोलेस्टेरॉल वरखाली होतं. वजन काही आठवडे स्थिर राहिल्यावर 12 तास उपाशी राहून तपासणी पुन्हा करावी. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्यावं, थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतो. तूप, लोणी, खोबरेल कमी करून त्या जागी शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल, मासे, जवस आणावं. सडपातळ माणसाने कर्ब दिवसाला 50 ते 100 ग्रॅमपर्यंत वाढवले तर पुष्कळदा आकडा खाली येतो. तो मग केटो राहत नाही, आणि न राहिलं तर बिघडलं काय?

ज्याच्याकडे सुरुवातीचा रिपोर्टच नाही त्याच्याशी वाद घालता येत नाही. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), युरिक अॅसिड आणि लिव्हरची तपासणी सुरू करण्याआधीच करून ठेवावी. युरिक अॅसिड पहिल्या काही आठवड्यांत वाढतं; गाऊट (युरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) असलेल्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

विदर्भात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपल्याकडे सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्यापैकी आढळतो. लाल पेशी लवकर नष्ट होत असतील तर एचबीएवनसी खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसतं. लोहाच्या कमतरतेत उलट जास्त दिसू शकतं. त्यामुळे ‘माझं 8.1 वरून 6.2 झालं, तुझं का नाही?’ हा सवाल विचारण्याआधी दोघांचं हिमोग्लोबिन पाहा. सिकलसेलचा आजार असलेल्याने तर केटो डॉक्टरांशिवाय करूच नये. सुरुवातीला शरीरातलं पाणी झपाट्याने जातं, आणि पाणी कमी पडणं हे त्या आजारात वेदनेचा झटका येण्याचं एक ठरलेलं कारण आहे.

‘गोळ्या बंद करा, साखर आपोआप उतरते’

असं सांगणाऱ्याला गटातून काढा. यात दुमत नको. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाने कर्ब एकदम कापले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणजे डोस बदलायलाच लागतो, पण तो डॉक्टरने, पहिल्या दिवसाच्या आधी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर केटो केल्यास साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं, जीवावर बेतू शकतं) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. गटात अशा माणसाला ‘केटो फ्लू (सुरुवातीच्या दिवसांतली मरगळ) आहे, मीठ प्या’ असं सांगितलं जातं, आणि वेळ वाया जातो. त्याला थेट दवाखान्यात न्या. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, किडनीचा आजार, आधी झालेला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज): यांना गटाने ‘करून पाहा’ म्हणूच नये. केटोचा जन्मच 1921 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्या आठवड्यातले दोन-तीन किलो मिरवणं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (साठवणीतल्या साखरेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, आधी जातं ते हे. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी चढलेला दीड किलोही बहुतेक पाणीच, त्यावरून कुणाला रडवू नका.

लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्टीचा रंग फिका म्हणून ‘तुझं केटोसिस गेलं’ असं जाहीर करणं. पट्टी फक्त अॅसिटोअॅसिटेट हा एकच कीटोन मोजते आणि जास्त पाणी प्यायलं की फिकी पडते. खरंच वाद मिटवायचा असेल तर रक्तातले कीटोन मोजणारा मीटर आणा, लिटरमागे 0.5 ते 3 मिलिमोल चालतं. 0.7 वाला 2.5 वाल्यापेक्षा मागे नसतो.

मे महिन्यात सुरू करून ‘केटोनं चक्कर येते’ म्हणणं, आणि थंडीत सुरू केलेल्यांनी त्याला हसणं. इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ बाहेर टाकते. वर नागपूरचा 45 अंशांचा पारा आणि घाम. लिटरभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि लिंबू, दिवसभर घोट घोट. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

दीक्षित डाएट आणि केटो यांची सरमिसळ. तिथे दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवण आहे आणि भर वेळेवर आहे. इथे भर कर्बवर. एकाचा निकाल दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका.

घरच्यांना इन्सुलिनवर व्याख्यान देणं. आजी ‘काऊन रे, पोळी नाही खाल्ली तर ताकद कुठून येईल?’ म्हणाली तर ‘सध्या पोळी बंद आहे, वांग्याचं भरीत वाढ’ एवढं पुरतं. भरितावर सांबार (कोथिंबीर) जास्त मागून घ्यावा. म्हातारं माणूस वाढण्यात गुंतलं की वाद पुढे जात नाही.

दहाव्या दिवशी ‘किती दिवसांत किती उतरेल?’ विचारणाऱ्याला आकडा देणं. देऊ नये. तो तीस दिवसांनी तोच आकडा घेऊन भांडायला येतो.

आणि सोडून गेलेल्यांचा हिशेब न ठेवणं. गटाच्या वहीत वजनासोबत एक रकाना ‘का सोडलं’ याचाही हवा: पित्त, केस गळणं, एलडीएल, खर्च, घरात दोन वेगळे स्वयंपाक, नुसता कंटाळा. नवा माणूस आला की यशाचे फोटो दाखवण्याआधी हा रकाना त्याच्यासमोर ठेवावा. बरेच जण तो वाचून सुरूच करत नाहीत. जे करतात ते टिकतात, आणि महिन्याभराने अडले की काय लिहून आणायचं हे त्यांना सांगावं लागत नाही.