कबड्डी लीगमध्ये नोकरी करायचीय? आधी लॉबी समजून घ्या

इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं होतं, "कबड्डी येते का?" मी म्हटलं, "शाळेत खेळलेय." हे अर्धंच खरं होतं. शाळेत वर्गाच्या टीममध्ये नाव होतं, पण मैदानात उतरायची वेळ कधी आली नाही. समोरच्यांनी पुढे काही विचारलं नाही. मार्केटिंगमधलं एमबीए आणि बिस्किटांच्या कंपनीतली दोन वर्षं एवढ्यावर मला एका राज्यस्तरीय लीगच्या ऑफिसात प्रायोजक आणि सामन्यांच्या व्यवस्थेचं काम मिळालं. तेव्हा वाटलं, बिस्किटं विकली तशी कबड्डीही विकू.

पहिल्या मोसमाच्या आधी मी मॅटचा नकाशा घेऊन बसले. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. त्यात दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लांबलचक पट्टी, म्हणजे लॉबी. टीव्हीवर पाहिलेल्या सामन्यांत ही पट्टी मला बहुतेक वेळ रिकामीच दिसली होती. मी ती विकली! एका प्रायोजकाला दोन्ही लॉब्या, संपूर्ण व्हिनाइलचे स्टिकर, त्यांच्या ब्रँडच्या रंगात. तो रंग मॅटच्या रंगाच्या इतका जवळचा होता की लॉबीची रेषा त्यात विरघळून गेली. माझ्या मते ते "एकसंध" दिसत होतं. प्रेझेंटेशनमध्ये टाळ्या पडल्या.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आमचे मुख्य पंच आले. पीटीचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी चपला काढल्या, अनवाणी पायाने स्टिकरवर एकदा घासून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे कुणी लावलं?"

मी कौतुकाची वाट पाहत होते.

"इथे पोरगं घसरलं तर गुडघा जाईल. आणि रेषा दिसली नाही तर मी निर्णय कशावर देऊ?"

रात्री दीडपर्यंत आम्ही सहा जण नखांनी आणि हेअर ड्रायरने स्टिकर काढत होतो. प्रायोजकाचे पैसे एलईडी बोर्डावर वळवताना दोन आठवडे गेले ते वेगळेच.

या क्षेत्रात येणारी मुलं-मुली मला नेहमी विचारतात, "खेळ खोलात माहीत नसेल तर लीगच्या ऑफिसात चालतं का?" तेव्हा मी हा किस्सा सांगते. चालतं. पण कुठे चालत नाही, तेही कळायला हवं.

लॉबीचा नियम ऐकायला साधा आहे. रेडरचा (चढाई करणाऱ्याचा) आणि बचावपटूचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की लॉबी मैदानात धरली जाते. त्याआधी तिथे पाय पडला की बाद. म्हणजे एकाच चढाईत ती पट्टी आधी मैदानाबाहेर असते आणि क्षणात मैदानात येते. खेळाचा अर्धा थरार त्या एका मीटरवर असतो, आणि ती जागा मी रिकामी समजून विकली होती.

हा घोळ माझ्यासारख्या नवख्यांपुरता असता तर ठीक होतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेतला ७ ऑक्टोबर २०२३ चा पुरुष कबड्डीचा अंतिम सामना आठवा. भारत आणि इराण, २८-२८ अशी बरोबरी, सामना संपायला जेमतेम मिनिट-दीड मिनिट. पवन सेहरावत चढाईत कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटूही त्याच्यामागे तिकडे गेले. जुन्या नियमाप्रमाणे मागे गेलेले बचावपटूही बाद. नव्या नियमाप्रमाणे रेडर बाद झाला तिथेच चढाई संपली. कोणता नियम लागू, यावर सामना तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला, पण त्या तासात मॅटभोवती अधिकारी ज्या तऱ्हेने हातवारे करत फिरत होते ते पाहून मला माझ्या हेअर ड्रायरची आठवण झाली. नियमावलीची कोणती आवृत्ती चालणार हे स्पर्धेआधी सगळ्यांकडून सही करून घेणं, हे काम ऑफिसचं. त्यासाठी चढाई करता यायला नको, पण लॉबीवरून भांडण होऊ शकतं एवढं आधी सुचायला हवं.

माझ्या अनुभवात खेळाचं ज्ञान सर्वात जास्त लागतं ते "नाही" म्हणताना. लीगच्या ऑफिसात दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी मागत असतं. प्रसारणवाल्यांना दोन चढायांच्या मध्ये आणखी सेकंद हवे असतात, प्रायोजकाला खेळाडू हवे असतात, राजकारण्याला मध्यंतरात भाषण हवं असतं. यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. भाषणाने प्रेक्षक कंटाळतात, खेळाचं काही बिघडत नाही. पण दहातली एक मागणी अशी असते की ती मान्य केली तर खेळच मोडतो, आणि दिसायला ती बाकीच्या नऊंसारखीच असते.

तसंच एक जेवण मी ठरवलं होतं. सामन्याच्या आदल्या रात्री, प्रायोजकाच्या पाहुण्यांसोबत दोन्ही संघ, बुफे, जिलेबीचा काउंटर. खेळाडू हातात पाण्याचे ग्लास घेऊन कोपऱ्यात उभे. एकानेही ताट उचललं नाही, पाहुण्यांना तो उद्धटपणा वाटला. पुरुष कबड्डीत वजनाची मर्यादा ८५ किलोची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लीगची वजनं होती आणि निम्मे जण काट्यावर अगदी कडेला होते. एका कोपरारक्षकाने मला हळूच विचारलं, "ताई, जिलेबी उद्या दुपारी मिळेल का?" त्यानंतर मी कुठलाही कार्यक्रम ठरवण्याआधी संघाच्या फिजिओला फोन करते. हे कुठल्याही एमबीएत शिकवत नाहीत.

आता दुसरी बाजू. खेळ माहीत असलेलाच माणूस खुर्चीत हवा, असं म्हणणारे आपल्याकडे खूप. मुंबई क्रिकेटच्या निवडणुकांत हा वाद दर काही वर्षांनी रंगतो. २००१ मध्ये अजित वाडेकर शरद पवारांकडून हरले, २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून. लोक हळहळले. मला मात्र मतदारांचं फार नवल वाटलं नाही. मतदार म्हणजे क्लब, आणि क्लबांना मैदानाची परवानगी, खेळपट्टीला पाणी, पावसाळ्यात ताडपत्री असल्या गोष्टी हव्या असतात. कव्हर ड्राइव्हने महापालिकेची फाइल हलत नाही.

मी ज्या वरिष्ठांच्या हाताखाली दुसरा मोसम काढला ते राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले होते. चढाई सुरू होण्याआधीच रेडर बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण) घेणार की स्पर्श, हे ते सांगायचे आणि दहात आठ वेळा बरोबर निघायचे. पण खेळाडूंचे करार त्यांनी वाचलेच नाहीत. दुखापत झाली तर मानधन कोण देणार हे कलम कोरं राहिलं आणि एका मुलाचा खांदा निखळल्यावर त्याच्या शस्त्रक्रियेचं बिल तीन महिने टेबलावर फिरत राहिलं. वाईट याचं वाटलं की त्या मुलावर सगळ्यात जास्त जीव त्यांचाच होता. तेव्हा ऑफिसात एखादा कंटाळवाणा, कबड्डी न आवडणारा वकील असता तर बरं झालं असतं.

बाहेरून आलेला माणूस काय करू शकतो, याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. त्यांची मेजर लीग सॉकर (सॉकर म्हणजे आपला फुटबॉल) १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा अमेरिकन प्रेक्षकाला बरोबरी आवडत नाही म्हणून वेगळाच शूटआउट ठेवला होता. ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचं आणि पाच सेकंदांत गोल करायचा. शिवाय घड्याळ उलटं, शून्याकडे जाणारं. १९९९ मध्ये डॉन गार्बर लीगचे आयुक्त झाले. ते आले होते अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधून, सॉकरचा त्यांना गंध नव्हता म्हटलं तरी चालेल. त्यांच्या काळात पहिली मोठी गोष्ट झाली ती म्हणजे हा शूटआउट आणि उलटं घड्याळ दोन्ही गेलं. खेळाचे जुने चाहते ज्यावर नाकं मुरडत होते तेच त्यांनी काढलं. माझा तर्क असा की बाहेरचा असल्यामुळेच त्यांना चाहत्यांचं ऐकणं सोपं गेलं. आपलीच कल्पना मागे घ्यायची नामुष्की त्यांच्यावर नव्हती.

उलट घडलेलंही आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मातीत वाढलेले कितीतरी जुने खेळाडू मॅट आणि दिवे पाहून हळहळले होते. मास्तरही त्यातलेच. पण त्याच लीगमधली ३० सेकंदांची चढाई आणि तिसऱ्या चढाईचा नियम हे त्यांना लगेच पटलं. जुन्या कबड्डीत आघाडीवर असलेला संघ निष्फळ चढाया करत वेळ काढायचा, मध्यरेषेपुढची 'निदान रेषा' (चढाईत निदान एवढी तरी ओलांडावीच लागते ती) ओलांडायचा आणि परत. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा, हे बंधन घातल्यावर ती पळवाट बंद झाली. अव्वल पकडीचंही तसंच. तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर एक जास्तीचा गुण, त्यामुळे हरत चाललेला संघही अंगावर धावून जातो. असले बदल सुचायला खेळाची दुखरी नस ठाऊक लागते. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला झालेल्या अल्टिमेट खो-खोमधला वझीरही मला त्याच जातीचा वाटतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही, हा खेळाचा कणा. त्यांनी तो मोडला नाही, फक्त एखाद-दुसऱ्या खेळाडूला दोन्ही दिशांची मोकळीक दिली. सगळ्यांनाच दिली असती तर ती पकडापकडी झाली असती.

तर नव्याने येणाऱ्यांनी काय करावं? कोर्स करावा का, हा प्रश्न हमखास येतो. मुंबईत निलेश कुलकर्णींनी २०१० मध्ये क्रीडा व्यवस्थापनाची संस्था काढली. हेच ते, ज्यांनी १९९७ मध्ये कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला आणि मग श्रीलंकेच्या ९५२ धावा होईपर्यंत दुसरा मिळाला नाही. (खेळातलं नशीब त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल!) पुण्यात सिंबायोसिसमध्येही अभ्यासक्रम आहे. कोर्सने ओळखी होतात, इंटर्नशिप मिळते, करार आणि प्रसारण हक्कांची भाषा कळते. पैसे असतील तर करा. नसतील तर थेट एखाद्या स्पर्धेत हरकाम्या म्हणून घुसा.

माझा खरा कोर्स गुणलेखकाच्या टेबलावर झाला. लालबाग-प्रभादेवीकडे, कोकणात, सांगली-कोल्हापूरकडे हिवाळ्यात इतक्या स्पर्धा असतात की मदतीला माणसं कमीच पडतात. गुणलेखकाशेजारी बसा आणि प्रत्येक चढाईची नोंद स्वतः करून बघा. बोनस कधी मोजायचा (समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच), 'लोण'चे (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे) दोन गुण कधी चढवायचे, बाद झालेल्यांतला आधी आत कोण येणार. चार दिवसांत जे कळतं ते टीव्हीवर चार मोसम पाहून कळत नाही, कारण टीव्ही रेडरमागे पळतो आणि तुम्हाला सात बचावपटूंकडे बघायला लागतं.

तुम्ही वित्त किंवा तिकीट विभागात असाल तर एवढ्यावर भागेल. स्पर्धेचं वेळापत्रक, नियम, खेळाडूंची व्यवस्था किंवा मैदानावरच्या जाहिराती यातलं काहीही हाती आलं तर मात्र भागणार नाही. आणि मुख्याधिकारी व्हायचं स्वप्न असेल तर एक सवय आत्तापासून लावून घ्या. बैठकीत एक खेळाडू किंवा पंच बसवायचा, आणि त्याला शेवटी नव्हे, सुरुवातीला बोलू द्यायचं. शेवटी विचारलं की तोवर सगळं ठरलेलं असतं आणि तो बिचारा "चालेल" म्हणतो. आमच्याकडे ही जागा मास्तरांची आहे. ते बैठकीत अर्धा वेळ डोळे मिटून असतात, पण "लॉबी" शब्द ऐकला की उघडतात.

त्यांच्याच आग्रहाने मागच्या वर्षी मी जिल्हा संघटनेच्या पंच परीक्षेला बसले. लेखी पेपरात लॉबीवर प्रश्न होता, तो मी अर्धं पान लिहिला. प्रात्यक्षिकाला कुमार गटाचा सामना मिळाला. पोरं जबरदस्त होती. एका चढाईत रेडरने डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूला पाय लावला, घोट्याची पकड झाली, तो लॉबीतून सरपटत मध्यरेषेपर्यंत आला आणि बोटं टेकवली की नाही अशा अंतरावर सगळे एकमेकांवर कोसळले.

मी नापास झाले. मास्तर म्हणाले, "पोरी, शिट्टी कुठे होती? तू तर खेळ बघत बसलीस."